शेक किती, कशाने आणि केव्हा: दुखावलेल्या स्नायूंसाठी उष्णतेची उपकरणे कशी वापरावीत

बेळगावच्या शहापूर-वडगावात यंत्रमागापुढे दिवसभर उभे राहून कंबर धरलेले विणकर, निपाणी परिसरातल्या विड्या वळणाऱ्या बायका, उद्यमबागेतल्या फौंड्रीत ओझे उचलताना खांदा दुखावलेले कामगार आणि खानापूरकडचे, भाताच्या बांधावरून घसरून पाय मुरगळलेले शेतकरी, यांची दुखणी वेगवेगळी असली तरी उपचारकेंद्रात आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: ‘शेकाची मशीन लावणार ना?’ मशीन लावून पाच मिनिटे होतात न होतात तोच दुसरे वाक्यही ठरल्यासारखे येते: ‘अजून वाढवा, काही लागत नाही.’ फिजिओथेरपीचे काम करताना मला पहिल्या वाक्याचे काही वाटत नाही, दुसऱ्याची मात्र भीती वाटते. शेक अंगाला ‘लागला’ पाहिजे, कातडी लाल होऊन थोडी चरचरली तरच गुण येतो, असा समज आपल्या सीमाभागात घरोघरी रुजलेला आहे. प्रत्यक्षात शेक सोसायचा नसतो. गोळीची मात्रा जशी ठरलेली असते तशी उष्णतेचीही असते, आणि ती अंतर, टॉवेलाची जाडी व घड्याळ यांनी मोजायची असते, रुग्णाच्या सहनशक्तीने नव्हे.

मऊ ऊती म्हणजे हाड सोडून हातापायांत आणि पाठीत जे दुखावते ते बहुतेक सारे: स्नायू, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा, दोन हाडांना एकत्र बांधणारे अस्थिबंध आणि सांध्याभोवतीचे आवरण. हाड मोडले असण्याची शंका असेल तर पुढचे काहीही लागू नाही. पाय टेकून चार पावलेही टाकता येत नसतील, बोटाने दाबल्यावर नेमके हाडच दुखत असेल किंवा सांध्याचा आकार बदललेला दिसत असेल, तर शेक बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे.

आधी दुखापत किती ताजी आहे ते पाहावे

ताज्या दुखापतीवर शेक देऊ नये. पाय मुरगळतो तेव्हा अस्थिबंधाबरोबर बारीक रक्तवाहिन्याही फाटतात आणि त्यांतून रक्त व पाणी आसपास झिरपू लागते. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावत असल्यामुळे त्या वेळी शेक दिला तर झिरपणे वाढते. शेतातून लंगडत आलेल्या माणसाच्या घोट्यावर त्याच संध्याकाळी निरगुडीचा पाला गरम करून बांधायचा आणि सकाळी पाय भोपळ्यासारखा सुजलेला पाहून पाला लागू पडला नाही म्हणायचे, हे आपल्याकडे नेहमी घडते. पाल्याचा त्यात दोष नसतो, वेळ चुकलेली असते. पहिले ४८ ते ७२ तास बर्फ ओल्या फडक्यात गुंडाळून एका वेळी १० ते १५ मिनिटे लावावा, पाय उशीवर उंच ठेवावा आणि शेकाची घाई करू नये.

तीन दिवस झाले म्हणजे शेक सुरू करावा असेही यंत्रवत ठरवू नये. घरच्या घरी करता येईल अशी एक साधी तपासणी आहे. दोन्ही घोटे, किंवा दोन्ही गुडघे, शेजारी शेजारी उघडे ठेवून हाताचा पंजा पालथा करून आधी चांगल्या बाजूवर आणि मग दुखऱ्या बाजूवर टेकवावा. पंजाच्या पाठीमागच्या त्वचेला उष्णतेतला लहान फरकही चटकन कळतो. दुखरी बाजू अजून गरम लागत असेल, लाल दिसत असेल किंवा सूज बोटाने दाबल्यावर खोलगट खड्डा राहत असेल, तर शेक एक-दोन दिवस पुढे ढकलावा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर शेक आणि मालिश या दोन्ही गोष्टी टाळून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. तापाबरोबर आलेली लाल, तापलेली सूज म्हणजे जंतुसंसर्ग असू शकतो, तिलाही शेक देऊ नये.

शेकाचा खरा उपयोग त्यानंतरच्या काळात होतो: आखडलेली मान, धरलेली कंबर, प्लास्टर काढल्यावर ताठर झालेला सांधा, महिनोन्महिने न उचलल्यामुळे आखडलेला खांदा, आणि पावसाळा लागला की डोके वर काढणारी जुनी लचक.

उष्णता आत काय करते

ऊतींचे तापमान साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत गेले की उपचाराला हवा असलेला परिणाम दिसतो. रक्तपुरवठा वाढतो, स्नायूंची आखड सैल होते, वेदना बोथट होते आणि कंडरा व अस्थिबंध ज्या चिवट धाग्यांचे बनलेले असतात ते कोलॅजनचे धागे ताणायला अधिक राजी होतात. चाळिशीच्या खाली फारसे काही होत नाही आणि ४५ च्या वर ऊती भाजू लागतात. म्हणजे कामाची पट्टी जेमतेम पाच अंशांची आहे.

त्वचा किती वेळात भाजते, हे मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मोजले होते. ६० अंशांच्या पृष्ठभागाखाली त्वचा सुमारे ५ सेकंदांत भाजते आणि ४४ अंशांवर त्यासाठी सुमारे ६ तास लागतात. यातला पहिला आकडा कोणालाही पटतो. दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण हाताला नुसती ‘बरी वाटणारी’ पिशवी पाठीखाली घेऊन माणूस रात्रभर झोपला तर तीही भाजू शकते, असा त्याचा अर्थ होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पिशवी, पॅड, मेण, लाल दिवा ही सारी वरून तापवणारी साधने आहेत आणि त्यांची उष्णता त्वचेखाली फार तर सेंटीमीटरभर पोचते. मध्ये चरबीचा थर असेल तर तो गोधडीसारखा आड येतो. मनगट, बोटे, घोटा, मान येथे वरचा शेक पुरतो. मांडीच्या जाड स्नायूंत किंवा खुब्याच्या खोल भागात उष्णता न्यायची असेल तर शॉर्टवेव्ह डायथर्मी किंवा अल्ट्रासाउंड वापरावे लागते. वरचा शेक खोल पोचत नाही म्हणून तो अधिक कढत करणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण तेवढ्याने खालचा स्नायू तापत नाही, वरची त्वचा तेवढी भाजते.

दोन पेल्यांची परीक्षा

शेक देण्यापूर्वी त्या जागेला गरम-गार कळते की नाही, हे तपासलेच पाहिजे. उपचारकेंद्रात यासाठी काचेच्या दोन नळ्या असतात, पण घरी स्टीलचे दोन पेले पुरतात. एकात माठातले गार पाणी घ्यावे, दुसऱ्यात हाताला सहज सोसेल इतके गरम. रुग्णाला डोळे मिटायला सांगून पेल्यांचे बूड दुखऱ्या जागेवर आळीपाळीने, पण क्रम बदलत, टेकवावे आणि प्रत्येक वेळी ‘गरम की गार?’ असे विचारावे. आठ-दहा वेळांत उत्तर चुकू लागले किंवा रुग्ण विचार करून सांगू लागला, तर त्या जागी उष्णतेचे कोणतेही साधन वापरू नये.

जुन्या मधुमेहात ही परीक्षा टाळणे फार महागात पडते. माझी एक मावशी खानापूर तालुक्यात राहते. एका पावसाळ्यात पायांना मुंग्या येतात म्हणून तिने रबरी पिशवी पायांवर ठेवली आणि वर्तमानपत्र वाचत बसली. तिला काहीच लागले नाही. संध्याकाळी सुनेला पावलावर लिंबाएवढा फोड दिसला. जी संवेदना आपल्याला ‘आता पुरे’ म्हणून सांगते तीच तिच्या पावलांतून गेलेली होती, आणि ‘मला काही लागत नाही’ हे तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. पायांना बधिरपणा असलेल्या मधुमेही माणसाने पावलांना शेक घेऊच नये, असे मी तेव्हापासून अपवाद न ठेवता सांगतो.

पक्षाघाताने बधिर झालेला भाग, उघडी जखम, नायटा किंवा इसबाने सोललेली त्वचा, कर्करोगाची गाठ, गरोदरपणात पोट व कंबर, आणि पायांचा रक्तपुरवठा मुळातच कमी असलेले रुग्ण यांनाही शेक वर्ज्य आहे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच शेक घ्यावा. बाम, निलगिरीचे तेल किंवा झोंबणारे मलम चोळून त्यावर शेक घेण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे, आणि त्यानेही त्वचा भाजते. मलम आधी साबणाने धुऊन काढावे. अंगावर औषधाची पट्टी चिकटवलेली असेल तर तिच्यावर शेक देऊ नये, कारण उष्णतेमुळे औषध ठरल्यापेक्षा वेगाने अंगात शोषले जाऊ शकते.

घरातली साधने

रबरी पिशवी जुनीच आहे, पण नीट वापरली तर अजूनही चांगली. उकळी फुटलेले पाणी तिच्यात थेट ओतू नये, चुलीवरून उतरवून काही मिनिटे थांबावे. पिशवी दोन तृतीयांश भरावी, मग ती टेबलावर आडवी ठेवून पाणी तोंडाशी येईपर्यंत हलकेच दाबून हवा काढावी आणि झाकण घट्ट लावून एकदा उलटी धरून पाहावी. हवा राहिलेली पिशवी फुग्यासारखी टणक होते आणि अंगाच्या वळणाशी जुळत नाही. पिशवीवर सुती टॉवेलाचे दोन पदर असावेत. पिशवी अंगावर ठेवावी, पिशवीवर अंग ठेवू नये, कारण वजनाखाली झाकण सुटते, शिवाय दाबलेल्या त्वचेतून रक्त वाहत नसल्याने आलेली उष्णता तेथेच साचते. रबराला वळवल्यावर बारीक तडे दिसू लागले की ती पिशवी टाकून द्यावी.

विजेवर तापणारे गादीसारखे पॅड घेताना दोन गोष्टी पाहाव्यात: तापमानाचे तीन टप्पे आणि ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय. पहिली पाच मिनिटे मधल्या टप्प्यावर आणि पुढची १० ते १५ मिनिटे खालच्या टप्प्यावर, असा माझा रिवाज आहे. पॅड दुमडू नये, त्याला टाचणी लावू नये, ओल्या अंगावर ठेवू नये आणि त्यावर झोपू नये. पावसाळ्यात वीज जाते-येते तेव्हा एक धोका असतो. पॅड लावलेले असताना वीज गेली की माणूस बटण तसेच ठेवून उठतो किंवा डोळा लागून पडून राहतो, आणि दोन तासांनी वीज आली की साधे बटण असलेले पॅड पुन्हा तापू लागते. म्हणून वीज जाताच आधी पिन काढावी.

बाजारात सध्या सर्वांत जास्त खपते ती आत द्रव भरलेली, विजेवर ‘चार्ज’ होणारी मऊ पिशवी. तिचा नियम एकच, पण तो मोडला जातो: पिशवी सपाट जागेवर ठेवून तापवावी, दिवा विझला की पिन काढावी आणि मगच ती अंगाशी न्यावी. मांडीवर किंवा पोटावर ठेवून ती कधीही तापवू नये. पिशवी फुगलेली दिसली, शिवणीतून द्रव पाझरला किंवा पिनेच्या खाचेशी काळपट डाग पडला, तर ती दुरुस्त करायला नेऊ नये, फेकून द्यावी. स्वस्त पिशव्यांत आपोआप बंद होण्याची यंत्रणा कितपत भरवशाची असते याबद्दल माझे मत चांगले नाही.

खरेदीचे बिल घ्यावे आणि खोक्यावर उत्पादकाचे नाव, पूर्ण पत्ता व परवाना किंवा नोंदणीचा क्रमांक छापलेला आहे का ते पाहावे. भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ साली आले आणि १ एप्रिल २०२० पासून उपचारासाठी म्हणून विकली जाणारी उपकरणे औषधांच्या कायद्याच्या कक्षेत आली आहेत. आठवडी बाजारात पथारीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पॅडाला विचारायला गेले तर कोणीच वाली नसतो.

विटकरीचा तुकडा तापवून फडक्यात बांधणे, तव्यावर मिठाची पुरचुंडी शेकणे हे जुने प्रकार मी मोडीत काढत नाही, पण त्यांत उष्णता मोजता येत नाही, आणि वीट बाहेरून निवल्यासारखी वाटली तरी आतून बराच वेळ तापलेली राहते. तेच करायचे असेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल बरा, कारण तो स्वतःहूनच पाच मिनिटांत निवतो.

उपचारकेंद्रातली यंत्रे

आपले लोक उपचारकेंद्रातल्या साऱ्या यंत्रांना सरसकट ‘करंट’ म्हणतात. त्यांत फरक आहे. अंगाला चिकट पट्ट्या लावून मुंग्या आणणारी टेन्स किंवा आयएफटी ही यंत्रे वेदना कमी करण्यासाठी असतात, ती शेक देत नाहीत. त्यांतून ऊब येत नाही म्हणून यंत्र बिघडले असे समजू नये.

शेकाच्या साधनांत सर्वांत साधा असतो तो गरम ओला पॅक. कापडी कप्प्यांत पाणी धरून ठेवणारी माती किंवा जेल भरलेले हे पॅक सुमारे ७० ते ७५ अंशांच्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलेले असतात, आणि एवढ्या कढत वस्तूपासून त्वचेला वाचवतात ते केवळ टॉवेलाचे सहा ते आठ पदर. पॅक बाहेर काढल्यावर पाणी निथळू द्यायचे, पदर मोजायचे आणि १५ ते २० मिनिटे ठेवायचे. शेक सर्वांत जास्त चढतो तो पहिल्या पाच-सहा मिनिटांत, म्हणून तेवढ्यात एकदा पॅक उचलून कातडी पाहणे आवश्यक असते. सारखी गुलाबी छटा ठीक, पण पांढरे-लाल ठिपके दिसले तर आणखी एक पदर घालावा. कोणी पाहिले नाही तर रुग्णाने स्वतःहून पाहायला सांगावे, त्यात संकोच नसावा.

बोटांच्या आणि मनगटाच्या दुखण्याला मेणाइतका सुखद शेक नाही. अंगठा आणि पहिली दोन बोटे दिवसभर वळवून विडी बांधणाऱ्या बायकांच्या हाताला तो फार मानवतो. पॅराफिन मेणात ठरावीक प्रमाणात औषधी खनिज तेल मिसळलेले असते, त्यामुळे ते सुमारे ५० ते ५५ अंशांवरच पातळ राहते. अंगठ्या काढाव्यात, हात धुऊन पूर्ण कोरडा करावा. हिरव्या बांगड्या काढायला सांगितल्या की बायका घुटमळतात, आणि त्यासाठी हटून बसण्याचे कारण नाही, कारण बांगड्या कोपराकडे सरकवून वर फडक्याची पट्टी बांधली की काम भागते. हात मेणात बुडवून लगेच वर काढायचा, चकाकी जाऊन थर दुधाळ होईपर्यंत थांबायचे, मग पुन्हा बुडवायचे, असे आठ ते दहा वेळा. या सर्व वेळात बोटे हलवू नयेत. पहिला थर तडकला की फटीतून गरम मेण थेट कातडीवर जाते. शेवटी हात प्लास्टिकच्या पिशवीत घालून टॉवेलात गुंडाळायचा आणि १५ ते २० मिनिटे मांडीवर ठेवायचा. पाने कातरताना कात्रीने झालेली लहानशी चीर असली तरी त्या दिवशी मेण टाळावे. आणि घरी गॅसवर मेणबत्त्या वितळवून हा प्रयोग कधीही करू नये, कारण तेल न मिसळलेले मेण बरेच जास्त तापल्यावर वितळते आणि भांड्याला आग लागण्याचा धोका वेगळाच.

‘लाल लाइट’ म्हणजे इन्फ्रारेड दिवा. तो त्वचेपासून साधारण ५० ते ७५ सेंटीमीटर दूर, किरणे सरळ पडतील असा, पण अंगाच्या नेमका वर टांगलेला नसावा, म्हणजे काच फुटली तर अंगावर पडणार नाही. तोंडाजवळ शेक असेल तर डोळ्यांवर ओले कापूस ठेवावेत. वेळ तीच, १५ ते २० मिनिटे. उबेसाठी दिव्याकडे सरकणारे रुग्ण मी रोज पाहतो, आणि अंतर निम्मे झाले की शेक दुप्पट नव्हे तर सुमारे चौपट होतो.

शॉर्टवेव्ह डायथर्मीबद्दल जास्त सांगणे भाग आहे, कारण येथे चूक झाली तर ती कातडीवर दिसण्याआधी आत घडते. हे यंत्र २७.१२ मेगाहर्ट्झच्या विद्युतचुंबकीय लहरींनी शरीराच्या आतच उष्णता निर्माण करते. लहरींच्या वाटेत धातू आला की उष्णता तेथे एकवटते. म्हणून हृदयात पेसमेकर बसवलेल्या माणसाला हे यंत्र लावायचेच नाही, आणि त्याने ते चालू असलेल्या खोलीतही थांबू नये. मोडलेल्या हाडात घातलेली सळई किंवा पट्टी, बदललेला सांधा, कंबर किंवा ओटीपोटाजवळ उपचार असल्यास तांबी, या गोष्टी आधी सांगाव्यात. वीस वर्षांपूर्वी अपघातात घातलेली सळई लोक विसरून गेलेले असतात. तेव्हा शस्त्रक्रियेचा व्रण दिसला की मी विचारतोच. श्रवणयंत्र, मोबाइल, किल्ल्या, कमरेच्या पट्ट्याचे बक्कल, केसांतल्या पिना, पायातली जोडवी काढून दूर ठेवावीत. मानेच्या शेकाला मंगळसूत्र आड येते. ते काढणे बाईच्या मनाला पटत नसेल तर दटावू नये. मानेला ओल्या पॅकचा शेक देऊन चालत असेल तर तोच द्यावा, नाहीतर सोबत आलेल्या सासूबाईंच्या हातात रुमालात बांधून द्यावे. दोन्ही मार्ग मी वापरले आहेत.

उपचाराचा भाग कोरडा असणे तितकेच महत्त्वाचे. घामाचा थेंब किंवा ओली साडी असेल तेथे उष्णता गोळा होते, म्हणून पावसातून भिजत आलेल्या रुग्णाने आधी अंग पुसून कोरडे कपडे घालावेत. नायलॉनपेक्षा सुती कपडा बरा. पलंग आणि खुर्ची लाकडी असावी. यंत्राच्या तारा एकमेकींना किंवा रुग्णाच्या अंगाला लागू देऊ नयेत आणि उपचार चालू असताना रुग्णाने यंत्राच्या कोणत्याही भागाला हात लावू नये. शेक १५ ते २० मिनिटे, आणि जाणवावी ती केवळ सुखद ऊब. गरोदर स्त्रियांना हे यंत्र लावत नाहीत, आणि उपचार देणारी स्वतः गरोदर असेल तर तिनेही त्यापासून दूर राहावे. जुने डायथर्मी यंत्र कमी किमतीत मिळते म्हणून घरी आणणाऱ्यांना हात जोडून सांगतो की आणू नका.

अल्ट्रासाउंड हे लहान डोक्याचे, जेल लावून फिरवायचे यंत्र. बेळगावात सोनोग्राफीला ‘स्कॅनिंग’ म्हणतात, आणि दोन्हीकडे जेल लावतात म्हणून खांद्याला अल्ट्रासाउंड झाल्यावर ‘रिपोर्ट कधी मिळणार?’ असे विचारणारे भेटतात. लहरी एकाच जातीच्या, काम वेगळे. १ मेगाहर्ट्झच्या लहरी तीन ते पाच सेंटीमीटर खोल जातात, ३ मेगाहर्ट्झच्या एक-दोन सेंटीमीटरवरच संपतात. डोके सतत संथ वर्तुळात फिरत राहिले पाहिजे, कारण एका जागी थांबले तर हाडावरचे आवरण तापून आत बोचरी कळ येते. अशी कळ आली की लगेच सांगावे. डोळे, गरोदरपणात पोट, कर्करोगाची जागा आणि मुलांच्या वाढत्या हाडांची टोके यांवर ते वापरत नाहीत. अनेक दुखण्यांत अल्ट्रासाउंडच्या गुणाबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. म्हणून व्यायाम न शिकवता रोज नुसते जेल फिरवून पैसे घेतले जात असतील, तर रुग्णाने कारण विचारावे.

‘सोसतंय’ म्हणजे बरे वाटते असे नव्हे

सीमाभागातली एक अडचण मात्र यंत्राची नाही, भाषेची आहे. उपचार देणारी मुलगी कन्नड घरातली, रुग्ण आजी येळ्ळूर-उचगावकडची. मुलगी मोडक्या मराठीत विचारते, ‘आजी, गरम होतंय का?’ आजी म्हणतात, ‘सोसतंय.’ मुलीला ते ‘ठीक आहे’ असे वाटते. आजींना म्हणायचे असते की भाजते आहे, पण तुम्ही म्हणता तर सहन करते. हा संवाद मी पडद्याआडून ऐकला आणि धावत जाऊन यंत्र बंद केले.

तेव्हापासून शेकापूर्वी चार शब्द ठरवून घेतो: कोमट, ऊबदार, गरम, चटका. ‘ऊबदार’ ही आपली जागा, ‘गरम’ म्हटले की कमी करायचे, ‘चटका’ म्हटले की बंद. कन्नड बोलणाऱ्या सहकाऱ्यांनाही हे चार शब्द पाठ आहेत. घरच्या माणसांनी म्हाताऱ्यांना नेताना हे शब्द आधीच समजावून द्यावेत आणि हाक मारायला संकोच करू नये, नुसता हात वर केला तरी चालेल, असे सांगावे. मधुमेह, धातू, गरोदरपण, चालू औषधे एका कागदावर लिहून नेली तर भाषेमुळे राहून जाणारे काही राहत नाही.

शेकानंतर

शेक संपल्यानंतरची पहिली काही मिनिटे वाया घालवू नयेत. ऊती सैल असतात तेव्हाच ताण देण्याचे व्यायाम करावेत: खांद्यासाठी भिंतीवर बोटे चढवत नेणे, मानेसाठी कान खांद्याकडे झुकवणे, मेण काढल्यावर त्याचाच गोळा मळत बोटे मिटणे-उघडणे. शेक घेऊन लगेच पावसात बाहेर पडल्यास पुन्हा आखड येते, म्हणून अंग झाकून थोडे थांबावे. दोन आठवडे नियमाने शेक व व्यायाम करूनही फरक नसेल, रात्रीची झोप मोडत असेल किंवा हातापायात मुंग्या उतरत असतील, तर निदान नव्याने करून घ्यावे.

रोज शेक घेणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा ती त्वचा उजेडात पाहावी. महिनोन्महिने चुलीपुढे बसणाऱ्यांच्या नडगीवर किंवा पाठीला सतत पॅड लावणाऱ्यांच्या कमरेवर तपकिरी, जाळीसारखे डाग उमटतात. ते मळाचे नसतात, घासून जात नाहीत. डाग दिसताच त्या जागचा शेक थांबवावा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे.

चटका बसलाच तर ती जागा नळाच्या वाहत्या, साध्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावी. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांतले काहीही लावू नये. फोड फोडू नये, स्वच्छ सुती कापडाने सैल झाकावा. मधुमेह असेल तर फोड लहान दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मावशीच्या पावलावरची ती जखम भरायला दिवाळी उजाडली होती.